निर्मलाक्कांची सकाळची हाक

निर्मलाक्कांना शांतता सोसत नसे. दुपारी जोयड्यातल्या आमच्या संस्थेच्या लहानशा कचेरीत वीज जाऊन पंखा थांबे, बाहेरच्या सागाची रुंद पानं हलेनाशी होत, आणि मला वाटे, आता कवितेच्या दोन ओळी सुचतील. नेमक्या त्याच क्षणी अक्का हातातलं काम खाली ठेवत, मान डावीकडे कलती करत आणि म्हणत, "कायतरी बंद पडलंय. काय ते बगा." मग शोध सुरू व्हायचा. कधी शेजारची पिठाची गिरणी थांबलेली असे, कधी विहिरीवरचा पंप, तर कधी काहीच नाही. काहीच सापडलं नाही की त्या जास्त अस्वस्थ होत.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची नोकरी झाली होती. खानापूरकडच्या मुलीला जोयड्याच्या रानात दिलं, आणि रानातल्या त्या एकुलत्या खोलीत तिने आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्या. डाव्या कानाची पाळी हेडफोनने चपटी होऊन कानाला चिकटल्यासारखी झाली होती. त्यांच्याजवळ बसलं की कापराचा आणि सुंठीचा वास येई. कापूर पदराच्या गाठीतला, सुंठ थर्मासमधल्या कषायातली, म्हणजे काढ्यातली. हे कषाय त्या दिवसभर घोट घोट पीत आणि समोरच्याला न विचारता झाकणात ओतून देत. निरोप घेताना 'येते' म्हणत नसत, 'बरंय'ही नाही. "लाइनवर हाय मी," एवढं म्हणून जिना उतरत. रामनगरच्या शाळेत मराठी शिकवणारी मी शनिवार-रविवार त्यांच्या हाताखाली काम करी. चार वर्षांत त्यांनी माझा निरोप घेतल्याचं मला आठवत नाही.

काम साधं होतं. आमच्या तालुक्यातली तरणी माणसं गोव्यात. हॉटेलांत, बांधकामांवर, लोकांच्या घरी. मागे वाड्यांवर म्हातारी राहतात. एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर हाक जाणार नाही इतक्या लांब लांब. संस्थेने त्यांच्यासाठी एक सोय केली होती. रोज सकाळी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या नावाने फोन वाजायचा. फोन उचलून एकचा आकडा दाबला की त्याच्या गोव्यातल्या मुलाच्या मोबाइलवर निरोप पडे, आई उठली, ठीक आहे. आकडा दाबला गेला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा फोन; तरीही नाही तर शेजाऱ्याला, मग आम्हाला. ज्याच्या नावाने फोन वाजे त्याचं एक अकाउंट होतं. त्यात त्याचं नाव, वाडी, गोव्यातला नंबर, शेजाऱ्याचा नंबर, कोणतं औषध चालू आहे, हे सारं. ही अकाउंटं दूर कुठल्यातरी कंपनीच्या क्लाउडवर ठेवलेली होती.

ती व्यवस्था उभी करून दिली रेश्माने. ती इथलीच, आता बेळगावात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. तिने समजावलं तेव्हा अक्कांनी पहिला प्रश्न विचारला, "हे यंत्र कुठल्या गावात हाय?"

"गाव नाही अक्का. क्लाउडवर आहे."

"गाव न्हाई? मग बिघडलं तर मी कुणाच्या दारात जाऊन उभी ऱ्हाऊ?"

रेश्मा हसली. अक्का हसल्या नाहीत. पुढची सगळी वर्षं त्या या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत होत्या, असं मला वाटतं.

सकाळच्या फोनवर वाजणारा आवाज माझा होता. मी मोठ्या हौसेने मजकूर लिहिला होता. उजेड सुपारीच्या शेंड्यावरून अंगणात उतरला आहे, चुलीत निखारा आहे, अशा वेळी आम्ही आपली आठवण काढतो, वगैरे. अक्कांनी तो शेवटपर्यंत ऐकला. झाकणात कषाय ओतून माझ्यापुढे सरकवलं.

"टीचरबाई, एवढं ऐकंपतोर म्हातारीचा च्या उतू जाईल."

"मग काय म्हणू?"

"नाव घ्या, आनी म्हना, हाईस न्हवं?"

"अक्का, वडीलधारी माणसं आहेत. निदान 'आहात ना' म्हणूया."

"'आहात' म्हटलं की बँकेचा फोन वाटतोय. ठिवून देतील."

एकेक नाव मी वेगळं बोलले. प्रत्येक नावाच्या वेळी अक्का माझं मनगट धरून उभ्या राहत, आणि नाव घाईत उच्चारलं गेलं तर मनगट दाबत. 'भागीआजी' हे नाव त्यांनी माझ्याकडून तोंड कोरडं पडेपर्यंत म्हणवून घेतलं. "तुमी यादी वाचताय," म्हणाल्या. "हाक मारा की."

ही भागीआजी आणि तिची जाऊ जानकीआजी अणशीच्या पुढे, रानाच्या पोटातल्या एका वाडीवर राहत. दोघी विधवा, घरं समोरासमोर, अंगण एकच. त्या वाडीवर रेंज नाही. उतारावर एक फणस आहे, त्याच्या बुंध्याशी मात्र येते. म्हणून वाडीचा एकच फोन त्या फणसाला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यात असतो. सकाळी तो दोनदा वाजे; एकदा जानकीच्या नावाने, एकदा भागीच्या. भागीआजीचे गुडघे धरलेले, म्हणून जानकीआजीच उतरून येई, स्वतःसाठी एक दाबी, मग वर अंगणाकडे तोंड करून ओरडे, "भागे, हाईस न्हवं?" वरून शिवी आली की भागीसाठी एक दाबी. अशा कितीतरी वाड्या. कुठे फणस, कुठे देवळाचा कट्टा, कुठे एखादं वारूळ. तिथे एक फोन आणि त्या एका नंबरवर तीन-चार जिवांची खाती. आमच्याकडे हे इतकं सहज होतं, की यात काही वेगळं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग माघात निरोप आला, की ती कंपनी आपली सेवा बंद करते आहे. शनिवारी संध्याकाळनंतर तिथलं सगळं पुसलं जाईल. ज्यांना आपली अकाउंटं हवीत त्यांनी ती त्याआधी उतरवून घ्यावीत. रेश्माने दुसरीकडे जागा पाहून ठेवली, आणि उतरवून घेण्याचं साधन अक्कांच्या लॅपटॉपवर बसवून दिलं. त्या साधनाला ना चित्र, ना बटण. एक काळा पडदा उघडतो, त्यात इंग्रजीतला एक लांबलचक हुकूम टंकायचा आणि एंटर दाबायचं. सगळी खाती एका फाइलीत येऊन पडतात.

अक्कांना तो काळा पडदा पाहताक्षणी पटला. एक्स्चेंजच्या जुन्या बोर्डावर दिवे नसले की असाच दिसायचा, म्हणाल्या. तर्जनी पदराला पुसून त्या एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टंकत, आणि सबंध हुकूम पुन्हा वाचल्याशिवाय एंटरला हात लावत नसत. दाबण्यापूर्वी "चन्नबसवा, सांबाळ" म्हणत. एकदा रेश्मा फोनवरून म्हणाली, "अक्का, देवाचं नाव कमांडमध्ये टाकू नका हं, चालणार नाही." अक्का म्हणाल्या, "तुज्या कमांडीत न्हाई टाकत. माज्या बोटात टाकते."

त्या शुक्रवारी मी शाळेतून रजा घेतली होती. दुपारी पहिल्यांदा ते साधन चालवलं. संस्थेचे अध्यक्ष गुरुनाथराव, रामनगरचे किराणा व्यापारी, समोर बसले होते, कारण क्लाउडचं मूळ खातं त्यांच्या नावावर होतं आणि परवानगीचा आकडा त्यांच्याच मोबाइलवर येई. आकडा आला, त्यांनी सांगितला, आणि ते लगबगीने उठले. बैलगाडी दारात होती, उळवीला चन्नबसवाच्या जत्रेला निघायचं होतं. पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि थांबली. काम पूर्ण झालं, असं इंग्रजीत उमटलं.

"झालं की अक्का," रेश्मा फोनवरून म्हणाली. "कम्प्लीट."

"थांब. लाइन सोडू नकोस."

फाइल उघडून त्या नावं वाचू लागल्या. एक्स्चेंजमध्ये नंबर परत म्हणून दाखवायची सवय, त्याच सपाट, स्वच्छ सुरात. बाहेर उन्हात कुणाची तरी मिरची वाळत होती. तिचा झणका खिडकीतून येत होता. वाचता वाचता त्यांचा आवाज अडखळला. पुन्हा मागे गेल्या.

"जानकी," म्हणाल्या. आणि थांबल्या. "भागी कुठं हाय?"

"खाली असेल," मी म्हटलं.

"ह्या दोघी लांब लांब न्हाई ऱ्हायच्या."

आम्ही शेवटपर्यंत पाहिलं. भागी नव्हती. मग अक्कांनी देवळाच्या कट्ट्यावरच्या वाडीचं पाहिलं. तिथला एकच म्हातारा उरला होता. वारुळाजवळच्या वाडीतूनही एकच बाई. पलीकडून नुसता रेश्माच्या कीबोर्डचा आवाज येत होता.

"रेश्मा, गप का गं?"

"अक्का," ती म्हणाली, आणि तिचं हसणं गेलेलं होतं, "हे टूल एका फोन नंबरला एक माणूस धरतं. एकाच नंबरची दोन खाती दिसली की एक ठेवतं आणि बाकीची गाळतं. कुठली चूकही दाखवत नाही."

अक्का पडद्याकडे पाहत राहिल्या. "म्हंजे ज्या वाडीवर एक फोन, तितं एकच माणूस जितं."

रेश्माने कंपनीची पानं धुंडाळली. हुकुमाच्या शेवटी आणखी एक शब्द जोडला तर साधन नंबरावर न जाता प्रत्येक खात्याच्या स्वतःच्या खुणेवर जाई, आणि मग कुणी गळत नसे. मात्र मघाची परवानगी संपली होती. पुन्हा चालवायचं तर नवा आकडा हवा, आणि गुरुनाथराव उळवीच्या वाटेवर, रानात. त्यांचा फोन लागेना.

मी म्हटलं, गळालेली नावं आपल्याला ठाऊक आहेत, वाड्यांवर फिरून पुन्हा माहिती गोळा करू. अक्का माझ्याकडे वळल्या. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता.

"गोव्याची पोरं दर पावसाळ्याला नंबर बदलतात. पंधरा दीस, म्हैना लागंल. तवर भागीला कोण इचारनार, टीचरबाई? हितं कुणी इचारत न्हाई, हे तिला ठाव तरी असंल का?"

शनिवारी सकाळी आम्ही लॅपटॉप घेऊन उळवीला गेलो. वाटभर अक्का तो हुकूम ओठांत घोळवत होत्या, नव्या शब्दासकट. मध्येच थांबून बोटांवर शब्द मोजत, पुन्हा सुरुवातीपासून. मी काही बोलू गेले की तळहात वर करीत. उळवीत धूळ, बैलांच्या घुंगुरमाळा, उकळत्या गुळाचा आणि शेणाचा एकवटलेला वास. मराठी आणि कन्नड एकमेकांच्या खांद्यांवरून बोलत होत्या. गुरुनाथराव आंब्याखाली गाडीच्या सावलीत भाकरी मोडत बसले होते.

"अगं अक्का! देवाच्या दारातबी काम काडलंस?"

"देव हितंच हाय, हलत न्हाई. आमची लाइन सांजच्याला मरतीय. फोन काड."

फोन निघाला. रेंजच्या जागी फुली होती. एवढ्या माणसांचे एवढे फोन एका टॉवरला लोंबकळत होते. लॅपटॉप त्याच फोनच्या नेटला जोडून आकडा मागवला की चाक फिरत राही आणि थकून थांबे. पुन्हा मागवायचा, पुन्हा चाक. गुरुनाथराव गाडीवर चढले, मग आंब्यावर चढायला निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नीने धोतराचा सोगा धरून त्यांना खाली ओढलं. ऊन कलू लागलं. मी पुन्हा पुन्हा घड्याळ पाहत होते. अक्का मात्र घामेजल्या चेहऱ्याने रथाकडे पाहत होत्या.

"रथ हलंपतोर थांबा," म्हणाल्या.

"रथ हलला की फोटो काढायला झुंबड उडंल," गुरुनाथराव म्हणाले.

"एक्स्चेंजात असतानाचं सांगते, रथ हलला की बोर्ड गार पडायचा. उळवीचा एक दिवा लागायचा न्हाई."

"तवा मोबाइल होते व्हय?"

"हात तेवढंच होते. एका हातात रथावर टाकायचं केळं, दुसऱ्या हातात म्हातारी न्हाईतर पोर. तिसरा कुठनं आननार?"

त्यांची खात्री होती असं मला वाटत नाही. बोलताना त्या पदराची गाठ सोडत होत्या आणि बांधत होत्या.

रथ करकरला. मोठा कल्लोळ उठला आणि केळी उडू लागली. पिवळी, हिरवी, कळसाच्या दिशेने, सगळ्या आकाशभर. काही फोन वर उठलेले मला दिसले. पण बहुतेक हात खरोखरच भरलेले होते. फोनवरच्या फुलीच्या जागी एक बारीक रेघ उभी राहिली, मग दुसरी. आकडा आला. गुरुनाथराव कल्लोळावर मात करायला ओरडून तो सांगत होते, अक्का तो परत म्हणत टंकत होत्या, मी पडद्यावर पदराची सावली धरली होती. तर्जनी पुसली. देवाचं नाव घेतलं. एंटर. पांढरी अक्षरं दोन ओळी धावली आणि अडकली. फक्त कर्सरची लहानशी पांढरी वीट लुकलुकत होती. कुणाचं तरी नेम चुकलेलं केळं येऊन अक्कांच्या खांद्यावर फुटलं; त्यांनी पापणीही हलवली नाही. मग अक्षरं सुटली.

त्यांनी पाहिलं ते एकच ठिकाण. "जानकी," म्हणाल्या, "भागी." गुरुनाथरावांनी हात जोडले. अक्कांनी खांद्यावरचं केळं पुसलं आणि म्हणाल्या, "अजून तिकडं उतरायचं हाय. इतक्यात हात जोडू नगा."

रविवारी रेश्माने सगळी खाती नव्या जागी उतरवली. सोमवारी शाळेला जत्रेची सुट्टी होती. पहाटे मी कचेरीत आले तेव्हा अक्का आधीच पडद्यासमोर बसलेल्या. फोन वाजू लागले. ज्याने एक दाबलं त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटे. एकेका ठिपक्याला अक्का अगदी हळू 'हां' म्हणत. जानकीआजीचा ठिपका हिरवा झाला. भागीआजीचा झाला नाही.

दुसरा फोन गेला. नाही. शेजारी म्हणून जानकीआजीचंच नाव होतं. फोन फणसाला, उचलायला कुणी नाही.

"नव्या यंत्राचं काहीतरी असेल," मी म्हटलं.

"जानकीचं लागलं. तीच लाइन, तोच फोन." अक्कांनी चपला पायांत सरकवल्याही होत्या.

त्या वाटेबद्दल मला फारसं सांगता येत नाही. जीप अणशीच्या रानातून जात होती, पानांचा ओला, आंबूस वास येत होता, आणि अक्का पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. थर्मास त्या कचेरीतच विसरल्या होत्या. जीप सोडून चढावर लागलो तेव्हा त्यांना धाप लागली, पण थांबेनात. फणसाच्या डब्यात फोन शांत पडलेला. वर अंगण.

अंगणात दोन्ही घरांच्या दारांत दोघी बसल्या होत्या, एकमेकींकडे पाठ करून.

भागीआजी कंद सोलत होती. अक्कांना पाहून म्हणाली, "कोन मेलं? एवडी धावत आलीस ती?"

अक्कांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. त्या पायरीवर बसल्या. मीच विचारलं, सकाळी एक का दाबलं नाही?

जानकीआजी पाठमोरीच म्हणाली, "माजं मी दाबलं. तिचं तिनं दाबावं. माज्या कोंबडीला धोंडा मारती, आनी मी हिच्यापाय डोंगर उतरू व्हय?"

"कोंबडी माजा हळसांडा खाती, ते न्हाई सांगत!" भागीआजी सुपातल्या चवळीकडे हात करून गरजली.

"हळसांडा! चार दानं!"

"चार व्हय गं? तुज्या दादल्यानं मोजलंवतं व्हय?"

अक्का मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं रडताहेत. पाहिलं तर पदराची गाठ सोडत होत्या आणि बांधत होत्या, पण ती बसत नव्हती. भागीआजीनेही ते पाहिलं. सुरी बाजूला ठेवून ती गुडघे धरत, भिंतीला धरत उठली.

"एक सांग निर्मले. रोज पहाटं उठून मेलीस का म्हनून इचारताव. आमाला बरं वाटतं व्हय? एक दिस न्हाई दाबलं तर काय आभाळ पडतं?"

"व्हय," अक्का म्हणाल्या. "माज्यावर पडतं."

"मग नको इचारू."

"इचारीन. तुला राग येऊ दे. मी हाय तवर तुला येगळी इचारीन, आनी तिला येगळी."

भागीआजीने खाली बसून पुन्हा सुरी उचलली. जानकीआजी एव्हाना वळली होती. ती घरात गेली आणि उकडलेले कंद व मिठाची चिमूट पानावर घेऊन आली; आधी अक्कांपुढे ठेवलं, माझ्यापुढे ठेवलं, आणि जराशा घुश्शातच, भागीआजीच्या पायरीवरही एक पान आपटलं. कंदांतून वाफ निघत होती. तिला मातीचा, पावसाआधीच्या खळ्याचा वास होता. अक्कांनी ते सगळे खाल्ले. त्यांना इतकं खाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीने त्यांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी हुबळीला नेलं. डोळे बरे झाले. पण पुढे काळजाचं दुखणं निघालं आणि त्या तिथेच गेल्या. त्या निघाल्या तेव्हा मी शाळेच्या परीक्षांत होते, भेट झाली नाही. म्हणून माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन त्या सोमवारच्या परतीच्या वाटेवरचं.

जीप सुरू झाली, आणि पहिल्या वळणालाच अक्कांची मान माझ्या खांद्यावर आली. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. ओठाच्या कडेला मिठाचा एक कण चिकटलेला. रस्ता खडबडीत, जीप उसळत होती, ड्रायव्हर मोठ्याने कन्नड गाणं म्हणत होता. त्या गाढ झोपल्या होत्या. वनखात्याच्या नाक्यावर आडव्या दांड्याशी गाडी थांबली. पहारेकरी वही घेऊन खिडकीशी आला. माझं नाव विचारलं, सही घेतली.

"आनी ह्या? त्यांनाबी उठवा. प्रत्येकाची सही लागती."

"त्यांची मी केली तर चालेल?"

त्याने आत डोकावून पाहिलं. पेन माझ्या हातात दिला, आणि नाक्याच्या कुरकुरणाऱ्या दोरीला हात न लावता स्वतः पुढे जाऊन तो जड दांडा खांद्यावर उचलून धरला. गाडी पलीकडे गेल्यावर मी मागे पाहिलं. तो दोन्ही हातांनी दांडा हळूहळू खाली घेत होता, आवाज होऊ नये असा.